जन्माआधीच ठरलेले तज्ज्ञ

इंदापूर तालुक्यातील निरवांगी घ्या, नाहीतर बारामतीकडचे कोणतेही गाव घ्या. जुन्या गावगाड्यात कोणी काय करायचे हे मूल जन्मण्यापूर्वीच ठरलेले असे. सुताराने औत भरायचे, चांभाराने मोट शिवायची, महाराने वेस राखायची, सरकारी सारा पोचवायचा आणि मेलेले ढोर ओढायचे. १८७४ च्या वतन कायद्याने या सक्तीला सरकारी शिक्काही मिळाला. 'लहानपणीच एक विषय धरा, त्यातच पारंगत व्हा', असा उपदेश आज आपल्या मुलांना केला जातो. पण आपल्याला तो नवा आहे काय? जातिव्यवस्थेने दुसरे काय केले?

जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त दाखवून दिले. हे त्यांना दिसले, कारण त्यांनी स्वतःला एका विषयात कोंडून घेतले नव्हते. शाळेत संस्कृत नाकारले गेले म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. मात्र १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात पोचल्यावर त्यांनी सगळी दारे उघडली. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, शिवाय राज्यशास्त्र, फ्रेंच आणि जर्मन! पदवी अर्थशास्त्राची, पण जातीच्या उगमावरचा निबंध त्यांनी १९१६ साली वाचला तो मानववंशशास्त्राच्या वर्गात. पुढे लंडनला ते बॅरिस्टर झाले आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी त्यांना डी.एस्सी. मिळाली.

ही नुसती पदव्यांची हौस नव्हती. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले, तेव्हा या साऱ्या विद्या एकत्र कामी आल्या. वतन म्हणजे गुलामगिरी, हे इतिहासाने सांगितले. बलुत्यात राबणूक किती आणि मोबदला किती, हे अर्थशास्त्राने मोजले. सुटकेची कलमे कायद्याच्या ज्ञानाने लिहिली. नुसत्या वकिलाला किंवा नुसत्या अर्थतज्ज्ञाला हे साधले नसते. विधेयक मंजूर झाले नाही. वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या निधनानंतर. पण लढ्याची दिशा ठरली ती याच वेळी.

पोटाला लावणारे शिक्षण हवेच. उपाशी माणसाला त्याविरुद्ध उपदेश करण्याचा अधिकार कोणालाच नाही. परंतु वस्तीतल्या मुलाने इतिहासाचे पुस्तक मागितले, तर 'तुला याचा काय उपयोग?' असे मास्तरांनी विचारू नये. हा प्रश्न गावगाड्याचा आहे. शाळेचा नव्हे.