क्लोरोक्विन प्रयोगशाळेत जिंकलं, रुग्णात का हरलं?

मार्च २०२० आठवतोय? हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दुकानांतून गायब झालं होतं. कोविड रुग्णांची देखभाल करणारे आरोग्य कर्मचारी आणि रुग्णाच्या घरातली माणसं यांनी ते प्रतिबंधासाठी घ्यावं, असं आयसीएमआरने सुचवलं होतं. "डॉक्टर, आम्हीही सुरू करू का?" असे फोन मलाही येत. प्रयोगशाळेत ही औषधं विषाणूला रोखत होती, हे खरंच होतं. पण जूनमध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत रुग्णालयातल्या रुग्णांना त्यांचा काहीच फायदा दिसला नाही. असं का झालं?

त्यासाठी थोडं मागे जाऊ. फ्लूच्या विषाणूवरचं एक प्रथिन कापलं गेल्याशिवाय तो पेशीत शिरू शकत नाही, हे १९७०च्या दशकातच कळलं होतं. मात्र आपल्या श्वासमार्गात ते कापणारी कात्री कोणती, हे ठाऊक नव्हतं. १९९७ मध्ये जिनिव्हातल्या संशोधकांना २१व्या गुणसूत्रावर टीएमपीआरएसएस२ हे जनुक सापडलं. ते शोधत होते त्या गुणसूत्रावरची जनुकं. विषाणूंचा तिथे विषयच नव्हता! या जनुकापासून बनणारं एन्झाइम फ्लूचं ते प्रथिन कापू शकतं, हे २००६ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गच्या गटाने दाखवलं. पुढे सार्स आणि मार्च २०२० मध्ये कोविडचा विषाणूही हीच कात्री वापरतो, असं दिसलं.

आता खरी गंमत. क्लोरोक्विनचे ते प्रयोग झाले होते व्हेरो पेशींवर. या पेशी १९६२ मध्ये जपानमध्ये आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून तयार केल्या गेल्या. त्यांच्यात ही कात्री जवळजवळ नसतेच. म्हणून विषाणू मागच्या दाराने जातो: पेशी त्याला एका पिशवीत गिळते आणि पिशवीतल्या आम्लात दुसरं एन्झाइम त्याला कापतं. क्लोरोक्विन नेमकं ते आम्ल कमी करतं. आपल्या श्वासमार्गात मात्र कात्री पेशीच्या पृष्ठभागावरच असते, विषाणू पुढच्या दाराने आत! २०२० मध्येच माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींवर तोच प्रयोग केला, तेव्हा क्लोरोक्विन निष्प्रभ ठरलं.

मग कात्रीच बोथट केली तर? जपानमध्ये स्वादुपिंडाच्या सुजेवर वापरलं जाणारं कॅमोस्टॅट तेच करतं. फुप्फुसाच्या पेशींवर ते चाललं. डेन्मार्क-स्वीडनमधल्या चाचणीत रुग्णालयातले रुग्ण मात्र त्याने लवकर बरे झाले नाहीत. आणि २०२१ च्या अखेरीस ओमायक्रॉन आला, तो या कात्रीवर फारसा अवलंबूनच नव्हता.