हौशी बांधणीच्या विमानांतील तेलशीतन

विमानाच्या एंजिनातील वंगण तेलाने शोषलेली उष्णता हवेला देऊन त्या तेलाचे तापमान ठराविक मर्यादेत राखण्याच्या क्रियेस तेलशीतन म्हणतात. कारखान्यात तयार होणाऱ्या विमानात एंजिन, त्यावरील आवरण व तेलशीतक यांची एकत्रित चाचणी घेऊन मगच विमानास प्रमाणपत्र मिळते. एखाद्या व्यक्तीने शिक्षणासाठी वा करमणुकीसाठी स्वतः बांधलेल्या विमानात मात्र ही जुळणी बहुधा प्रथमच होत असते आणि तिची खरी परीक्षा पहिल्या उड्डाणातच होते. म्हणून तेल वाजवीपेक्षा अधिक तापणे ही अडचण अशा विमानांत वारंवार आढळते. या अडचणीचा इतिहास पाहता असे दिसून येते की, तिचे मूळ तेलात किंवा शीतकाच्या लहान आकारात क्वचितच असते. बहुतेक वेळा ते हवेच्या मार्गात असते.

तेलाचे कार्य व तापमान : एंजिनातील तेल घर्षण कमी करते, शिवाय दट्ट्ये, भुजादंड व धारवे यांतील उष्णता वाहून नेते. हवेने थंड होणाऱ्या एंजिनात इंधनातील ऊर्जेपैकी साधारणतः २५ ते ३० टक्के ऊर्जा उपयुक्त कार्यात येते, ४० ते ४५ टक्के निष्कास वायूंबरोबर जाते, १५ ते २० टक्के सिलिंडरांवरील पातळ पात्यांतून हवेत जाते व ५ ते १० टक्के तेलामार्फत काढून घ्यावी लागते. हा शेवटचा वाटा लहान असला, तरी एंजिनाचे आयुष्य त्यावर अवलंबून असते. तापमान वाढले की तेलाची श्यानता (दाटपणा) झपाट्याने घटते. विमानात नेहमी वापरल्या जाणाऱ्या एसएई ५० वर्गाच्या तेलाची ४०° से. तापमानास असलेली श्यानता १००° से. तापमानास असलेल्या श्यानतेच्या सुमारे दहापट असते. तेल फार पातळ झाल्यास धारव्यांमधील तेलाचा थर तुटतो, तेलाचा दाब उतरतो, धातूवर धातू घासू लागतो आणि अखेरीस एंजिन बंद पडते.

तेल फार थंड राहणेही हितावह नसते. ज्वलनात निर्माण होणारे थोडे पाणी तेलात मिसळते. ते वाफ होऊन निघून गेले नाही, तर आम्ले तयार होऊन एंजिनाचे भाग आतून गंजतात. लायकॉमिंग कंपनीच्या चार सिलिंडरांच्या सर्वसामान्य एंजिनांसाठी सुमारे ८२° से. हे इष्ट व ११८° से. हे कमाल तापमान मानतात. हौशी निर्मात्याला या दोहोंमधील पट्ट्यात तेल राखावयाचे असते.

प्रारंभीचा काळ : विल्बर व ऑर्व्हिल राइट यांचे १९०३ चे विमान हे एका अर्थी घरीच बांधलेले विमान होते. त्याचे सुमारे १२ अश्वशक्तीचे, पाण्याने थंड होणारे एंजिन त्यांच्या सायकलींच्या कारखान्यातील यंत्रकारागीर चार्ल्स टेलर यांनी तयार केले. १७ डिसेंबर १९०३ रोजीचे सर्वांत दीर्घ उड्डाण ५९ सेकंदांचे होते. इतक्या अल्प काळात तेल तापण्याचा प्रश्न उद्‌भवत नव्हता.

१९०९ च्या सुमारास फ्रान्समध्ये सेगँ बंधूंचे ‘नोम’ हे घूर्णी एंजिन प्रचारात आले. त्यात भुजादंड स्थिर राही व सिलिंडर प्रॉपेलरसह फिरत असत. त्यासाठी एरंडेल वापरीत, कारण ते पेट्रोलमध्ये सहजासहजी विरघळत नाही. हे तेल एकदाच एंजिनातून जाऊन निष्कास वायूंबरोबर बाहेर फेकले जाई. तेच तेल पुन्हा फिरवावयाचे नसल्याने ते थंड करण्याची गरज नव्हती. मात्र तेलाचा खर्च अतोनात होई. पहिल्या महायुद्धानंतर घूर्णी एंजिने मागे पडली व तेच तेल पुनःपुन्हा फिरविणारी एंजिने रूढ झाली. शक्ती व उड्डाणांचा कालावधी वाढत गेला, तसे तेलशीतन ही एक स्वतंत्र समस्या बनली.

हवेच्या मार्गाचे ज्ञान : या समस्येचे उत्तर प्रथम एंजिनाच्या आवरणाच्या अभ्यासातून मिळाले. अमेरिकेच्या ‘नॅशनल ॲडव्हायझरी कमिटी फॉर एरोनॉटिक्स’ (नॅका) या संस्थेच्या लँगली येथील प्रयोगशाळेत फ्रेड वाइक यांच्या मार्गदर्शनाखाली १९२८ मध्ये अरीय एंजिनासाठी पूर्ण आवरण विकसित झाले. उघड्या सिलिंडरांवर हवा मोकळेपणी आदळली म्हणजे ते चांगले थंड होतात, अशी तोपर्यंतची समजूत होती. आवरणाने हवा आवश्यक तेथेच नेली, तर कमी हवेत काम भागते व हवेचा रोधही घटतो, हे या प्रयोगांनी सिद्ध केले. हे आवरण बसविल्यावर लॉकहीड एअर एक्स्प्रेस विमानाचा कमाल वेग ताशी सुमारे २५३ किमी. वरून २८५ किमी. वर गेला. या कार्याबद्दल नॅकाला १९२९ चा कॉलियर करंडक देण्यात आला.

दुसरे महत्त्वाचे पाऊल इंग्लंडमध्ये पडले. फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमधील एफ्. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी १९३५ मध्ये नळीत बसविलेल्या शीतकाचे विवेचन केले. नळीत शिरणारी हवा हळूहळू रुंदावणाऱ्या मार्गातून नेली, तर तिचा वेग कमी होऊन दाब वाढतो. ती शीतकातून सावकाश जाते, तापते व निमुळत्या तोंडातून पुन्हा वेगाने बाहेर पडते. त्यामुळे शीतकाचा रोध बराच भरून निघतो. या परिणामास मेरेडिथ यांचेच नाव मिळाले. १९३६ मध्ये प्रथम उडालेल्या स्पिटफायर विमानाच्या पंखांखालील शीतक व १९४० मध्ये उडालेल्या मस्टँग विमानाच्या पोटाखालील शीतकनळी यांच्या रचनेत या तत्त्वाचा उपयोग झाला. मस्टँगच्या नळीचे तोंड विमानाच्या पृष्ठभागापासून थोडे खाली ठेवल्यामुळे पृष्ठालगतचा मंद हवेचा सीमास्तर बाहेरच राहत असे.

याच काळात एक विपरीत वाटणारा दोषही उघडकीस आला. अतिथंड हवेत शीतकाच्या मध्यभागी तेल गोठल्यासारखे घट्ट होई आणि उरलेले गरम तेल शीतकाच्या कडेच्या थोड्याच भागातून वाहून तसेच एंजिनात परते. तापमापीचा काटा वर चढत असताना वैमानिकाने शीतकाची झडप अधिक उघडली, तर दोष वाढे. ती मिटून शीतक ऊबदार होऊ देणे हाच त्यावर उपाय होता.

हौशी निर्मात्यांचा वारसा : हलक्या विमानांसाठी समोरासमोर सिलिंडर असलेली छोटी एंजिने १९३१ च्या काँटिनेंटल ए-४० या ३७ अश्वशक्तीच्या एंजिनापासून लोकप्रिय झाली. पायपर कब विमानात सिलिंडर आवरणाबाहेर असत व तेलकुंडीवरून जाणारी हवा तेल थंड राखण्यास पुरेशी होई. वेगळा शीतक नसे. त्या काळच्या हौशी निर्मात्यांनीही साधीच रचना ठेवली. अमेरिकेतील बर्नार्ड पीटनपोल यांनी १९२९ मध्ये आपल्या एअर कँपर विमानात फोर्ड मोटारीचे पाण्याने थंड होणारे एंजिन बसविले होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर या छंदास संघटित रूप आले. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथे ‘एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. १९७० पासून तिचा वार्षिक मेळावा ऑशकॉश येथे भरतो. यूरोपात रॉजर ड्रुइन यांच्या टर्ब्युलंटसारख्या लहान विमानांत फोक्सवॅगन मोटारीचे एंजिन वापरले जाऊ लागले. या मोटारीत तेलशीतक पंख्याच्या कोशात उभा असे. विमानात पंखा काढून प्रॉपेलरमागील हवेवर भिस्त ठेवली की, त्या शीतकाला हवा पोहोचविण्याची तजवीज निर्मात्याला स्वतः करावी लागे. खुद्द मोटारीतही हा शीतक एका सिलिंडराकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेत येई व तो सिलिंडर अधिक तापे. १९७१ च्या मोटारींपासून शीतक बाजूला हलवून त्यास स्वतंत्र हवामार्ग देण्यात आला. एका भागाचे शीतन सुधारताना दुसऱ्याची हवा हिरावली जाऊ शकते, हा धडा यातून मिळतो.

बर्ट रुटान यांच्या व्हॅरिईझी (१९७५) व लाँग-ईझी (१९७९) या विमानांत एंजिन मागे होते. पुढे प्रॉपेलर असलेल्या विमानात जमिनीवर उभे असतानाही थोडी हवा एंजिनावर ढकलली जाते. मागे प्रॉपेलर असलेल्या विमानात हा लाभ मिळत नाही. रुटान यांनी यासाठी विमानाच्या पोटाशी, नॅकाने १९४५ मध्ये अभ्यासलेल्या धर्तीचे, पृष्ठभागाशी समतल असे हवाद्वार योजले. सरकारी प्रयोगशाळेतील ज्ञान अशा रीतीने गॅरेजमध्ये काम करणाऱ्या निर्मात्यापर्यंत पोहोचले.

दोष कोठे असतो : शीतकातून हवा वाहण्यास त्याच्या पुढील व मागील बाजूंच्या दाबांत फरक असावा लागतो आणि हा फरक मुख्यतः विमानाच्या वेगातून मिळतो. गतिक दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ताशी २४० किमी. वेगास समुद्रसपाटीवर तो सुमारे २८ सेंमी. उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. ताशी १२० किमी. वेगाने चढताना तो सुमारे ७ सेंमी., म्हणजे एकचतुर्थांश उरतो. एंजिन मात्र त्याच वेळी पूर्ण शक्ती देत असते. म्हणून तेल सर्वाधिक तापते ते उड्डाणानंतरच्या चढाईत. त्या वेळी विमान जमिनीपासून फार उंच नसते व एंजिन बंद पडल्यास सुरक्षित उतरण्यास अवधीही कमी असतो. अमेरिकेत अशा विमानास आरंभी सामान्यतः २५ किंवा ४० तास ठराविक क्षेत्रातच चाचणी उड्डाणे करावी लागतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

हवेचे तापमानही महत्त्वाचे असते. तेल १००° से. व हवा १५° से. असताना दोहोंत ८५ अंशांचा फरक असतो; हवा ४०° से. असेल तर तो ६० अंशांवर येतो व तोच शीतक सुमारे सात-दशांश उष्णताच काढू शकतो. त्यामुळे थंड प्रदेशातील आराखड्यावरून बांधलेले विमान भारतातील उन्हाळ्यात समाधानकारक चालेलच असे नाही. महाराष्ट्रातही या छंदास अनुयायी लाभले आहेत. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान २०१६ मध्ये मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले व २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली.

उपाययोजना : तेल तापू लागताच मोठा शीतक बसविण्याचा मोह होतो. अनुभवाने ठरलेला क्रम याहून निराळा आहे. प्रथम तापमापीची परीक्षा करतात. तिचा संवेदक उकळत्या पाण्यात बुडविला असता समुद्रसपाटीवर १००° से. दाखवितो की नाही, हे पाहिले जाते. नंतर तेलाची पातळी व प्रज्वलनाची वेळ तपासतात. नव्या एंजिनात दट्ट्यांची कडी सिलिंडरांत नीट बसेपर्यंत घर्षण अधिक असते व काही तास तेल जास्त तापते, हेही लक्षात घ्यावे लागते.

यानंतर तापनियंत्रित झडप पाहतात. लायकॉमिंग एंजिनात ही झडप तेल सुमारे ८५° से. झाल्यावर आडवाट बंद करून सर्व तेल शीतकाकडे वळविते. ती पुरेशी पुढे सरकत नसेल किंवा तिची बैठक झिजली असेल, तर गरम तेलाचा काही भाग शीतकास वगळून परस्पर परत जातो. अशा वेळी शीतक कितीही मोठा केला, तरी उपयोग होत नाही.

हे सर्व ठीक असेल, तर हवेचा मार्ग तपासतात. एंजिनाभोवतीचे मार्गदर्शक पत्रे व आवरण यांमधील फटी रबरी पट्ट्यांनी बंद करतात, कारण फटीतून निसटलेली हवा काहीच काम करीत नाही. शीतकाकडे जाणारी नळी आखूड, गुळगुळीत व शीतकाच्या तोंडाशी हळूहळू रुंदावणारी ठेवतात. हवेच्या बहिर्द्वाराकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. ३०° से. ची हवा ९०° से. पर्यंत तापली की, तिचे आकारमान सुमारे २० टक्क्यांनी वाढते. तिला बाहेर पडण्यास जागा नसेल, तर आवरणाखालील दाब वाढून आत येणारी हवाच अडते. पुढचे तोंड मोठे करण्याऐवजी मागचे तोंड वाढविणे किंवा तेथे बाहेरील हवेचा दाब कमी होईल अशी पट्टी बसविणे पुष्कळदा अधिक गुणकारी ठरते. पाणी भरलेल्या साध्या वाकड्या नळीने शीतकाच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक उड्डाणात मोजता येतो. हा फरक पुरेसा असूनही तेल तापत असेल, तरच शीतक लहान असल्याचा निष्कर्ष काढणे योग्य होय.

एका वेळी एकच बदल करावा, त्याची नोंद ठेवावी व बाहेरील हवेच्या तापमानासह निष्कर्षांची तुलना करावी, ही शिस्त या कामी फार उपयोगी पडते. नॅका व फार्नबरो येथील संशोधकांनी मोठ्या पवनविवरांत व गणिताच्या साहाय्याने जे शोधले, ते हौशी निर्माता पाण्याची नळी व टिपणवही यांच्या मदतीने आपल्या विमानापुरते पुन्हा पडताळून पाहतो.