चुकलेल्या तर्काचा साचा

साच्यातल्या मोदकाला आधी साचा लागतो. शरीरात उलटे घडते, असे लायनस पाउलिंग यांना वाटले: बाहेरून आलेल्या रेणूभोवतीच प्रतिपिंड साच्यासारखे घडत असावे. १९४० साली मांडलेला हा तर्क पुढे साफ चुकीचा ठरला. पण त्यांचे शिष्य फ्रँक डिकी यांनी १९४९ मध्ये मिथिल ऑरेंज हा रंग घालून सिलिका जेल बनवले, रंग धुऊन काढला, आणि जेलने पुन्हा तोच रंग अधिक ओढून घेतला! (पोल्याकोव्ह यांना असेच काही १९३१ मध्येच दिसले होते, लक्ष कोण देतो?) १९९३ मध्ये स्वीडनच्या क्लाउस मोसबाख यांच्या गटाने पॉलिमरच्या अशा साच्यांनी रक्तद्रवातले दम्याचे औषध मोजले. प्रतिपिंडाचे काम प्लास्टिकने केले. आता प्रकाश पाडून हे साचे केसाहून बारीक नक्षीत घट्ट करता येतात. नेमका रेणू आत बसला, की नक्षीवरून परतणारा प्रकाश बदलतो.