खाऊ नको, पुस्तकं द्या : मुलांना विचारण्याची गोष्ट

 

आजची सुरुवात तुमच्या घरातल्या एका प्रश्नाने करू. तुमचं मूल इथल्या सरकारी शाळेत चौथीत किंवा त्याच्या पुढे असेल, तर 'टेल देम फ्रॉम मी' हे नाव तुमच्या कानावरून गेलं असेल. न्यू साउथ वेल्समधल्या सरकारी शाळांतली चौथी ते बारावीची मुलं ही प्रश्नावली भरतात. शाळा तुला आपली वाटते का? वर्गात मन रमतं का? अडचण आली तर पाठीशी उभं राहील असं कुणी मोठं माणूस शाळेत आहे का? असे प्रश्न त्यात असतात. तुम्ही घरी विचारता, "काय लिहिलंस गं?" उत्तर येतं, "काही नाही आई, बटणं दाबली."

आपल्या लहानपणी तेवढंही नव्हतं. आई-बाबा शाळेत यायचे, बाईंना विचारायचे, "आमचा कसा आहे अभ्यासात?" आणि आपण शेजारी मान खाली घालून उभे. आपल्याबद्दलचं सगळं बोलणं आपल्या डोक्यावरून चाललेलं असायचं. त्यामुळे आपल्याला वाटतं, मुलांना शिक्षणाबद्दल मत विचारणं ही इकडची, परदेशातली रीत. आपल्याकडे कुठे होतं असलं काही?

होतं, मंडळी. कुणी विचारलं होतं असं नाही, पण एका मुलीने सांगितलं होतं. गोष्ट १८५५ सालची, पुण्याची.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत त्यांनी महार, मांग आणि इतर अस्पृश्य मानलेल्या जातींतल्या मुलामुलींसाठीही शाळा सुरू केल्या. त्यांच्या शाळेत मांग समाजातली एक मुलगी शिकत होती, मुक्ता साळवे. वय साधारण चौदा. शाळेत जेमतेम तीन वर्षं झालेली. तिने एक निबंध लिहिला, 'मांग महारांच्या दुःखाविषयी'. अमेरिकन मिशनचं 'ज्ञानोदय' नावाचं नियतकालिक १८४२ साली अहमदनगरला सुरू झालं होतं. त्याच्या १८५५ च्या फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत तो दोन भागांत छापून आला.

चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर 'माझी शाळा' किंवा 'पावसाळ्यातला एक दिवस' येतो. मुक्ताच्या निबंधात काय आहे ते ऐका. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील, ते आम्ही पाहूही नयेत असं असेल, तर मग आम्हाला धर्मग्रंथच नाही. मग आमचा धर्म तरी कोणता, असा सरळ प्रश्न ती देवाला विचारते. पेशवाईत आपल्या लोकांचे काय हाल झाले ते सांगते. आपल्या बायकांना बाळंतपणात डोक्यावर छप्परही मिळत नाही, हे लिहिते. आणि शेवटी आपल्याच माणसांना कळवळून सांगते की शिका, अज्ञानाच्या दुखण्यावर ज्ञान हेच औषध आहे.

त्यात मुलांबद्दलही एक गोष्ट आहे. वरच्या जातीची मुलं आमच्या मुलांना दगड मारतात, रक्त निघतं, तरी आमची मुलं तक्रार करत नाहीत, असं ती लिहिते. का? कारण उरलंसुरलं अन्न मागायला त्यांच्याच दारी जायचं असतं.

इथे क्षणभर थांबा. इथल्या शाळेच्या प्रश्नावलीतही मुलांना छळाबद्दल विचारतात. मूल त्रास होतो असं लिहितं किंवा लिहीत नाही, तेवढं आपल्याला कळतं. मुक्ताने त्याच्या पुढचं सांगितलं. मूल गप्प का राहतं, ते. ज्याच्याविरुद्ध बोलायचं, त्याच्याच हातात आपलं पोट असतं, म्हणून. मोठ्यांनी कितीही चांगली प्रश्नावली केली, तरी हे उत्तर तिच्या चौकटीत मावलं नसतं. ते फक्त त्या मुलीलाच ठाऊक होतं.

फुल्यांच्या शाळांच्या इतिहासात आणखी एक आठवण सांगितली जाते. परीक्षेनंतरच्या बक्षीस समारंभात एका विद्यार्थिनीने पाहुण्यांना म्हटलं की आम्हाला खाऊ किंवा खेळणी नकोत, शाळेला पुस्तकांचा संग्रह द्या. ही मुलगी मुक्ताच होती असं पुष्कळजण मानतात. कुणीही असो, शिकणाऱ्या मुलीला आपल्याला काय हवंय ते पाहुण्यांपेक्षा जास्त नीट कळत होतं, एवढं खरं.

आता सत्तावीस वर्षं पुढे या. १८८२ साली इंग्रज सरकारने विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. जोतीरावांनी त्या आयोगापुढे निवेदन दिलं. बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, मोडी आणि बाळबोध, हिशेब, शेतीची माहिती, आरोग्य हे शिकवा, शिक्षक शेतकरी समाजातूनही घ्या, असं त्यांनी मांडलं. पंडिता रमाबाईंनीही साक्ष दिली आणि मुलींसाठी शिक्षिका हव्यात, स्त्री डॉक्टर हव्यात असा आग्रह धरला. दोघांचंही म्हणणं आज वाचलं तरी ताजं वाटतं. पण शाळेबद्दलच्या एवढ्या मोठ्या चौकशीत मुलांना साक्षीला बोलवावं, हे कुणाच्या मनात आलं नाही. 

जगाला हे सुचायला फार वेळ लागला. १९६७ साली इटलीत फ्लोरेन्सजवळच्या बार्बियाना नावाच्या डोंगरातल्या वस्तीतल्या आठ मुलांनी मिळून शिक्षिकेला उद्देशून एक पुस्तकच लिहिलं. डॉन लोरेन्झो मिलानी या पाद्र्याच्या शाळेत ती शिकत होती आणि त्यांच्यासारख्या गरीब मुलांना सरकारी शाळेने नापास करून बाहेर काढलं होतं. शाळा कुणाला गाळते, हे त्यांनी आकडे गोळा करून दाखवलं. मराठीत ते 'प्रिय बाई' या नावाने वाचलं जातं. मुक्तासारखंच त्यांनीही विचारलं की शाळा आहे, पण ती नक्की कुणासाठी?

मग १९८९ साली संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार झाला. त्याच्या बाराव्या कलमाचा अर्थ असा, की ज्या गोष्टीचा मुलावर परिणाम होतो त्याबद्दल मत मांडण्याचा मुलाला हक्क आहे, आणि वय व समज पाहून त्या मताला वजन द्यायला हवं. ऑस्ट्रेलियाने तो १९९० साली स्वीकारला, भारताने १९९२ साली. आपल्या मुलांच्या हातात येणाऱ्या प्रश्नावलीमागे हा सगळा प्रवास आहे.

आपल्याकडेही हे काम थांबलं नव्हतं. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली 'सृजन आनंद विद्यालय' सुरू केलं. मुलांच्या प्रश्नांतून आणि अनुभवांतून शिकणं पुढे नेणारी मराठी माध्यमाची शाळा. मूल काय म्हणतंय ते शिक्षकाने टिपून ठेवायचं आणि त्यावरून उद्याचा पाठ बदलायचा, हे तिथल्या कामाचं मर्म. त्यासाठी वेगळी प्रश्नावली लागत नाही. लागतो तो कान, आणि बदलायची तयारी.

मंडळी, हे सगळं सांगायचं कारण आपल्या घरातलं आहे. सुट्टीच्या दिवशी आपण मुलांना मराठीच्या वर्गाला नेतो. गाडीत कुरकुर, मागच्या सीटवर तोंड फुगलेलं. मीही अशीच नेत होते. एकदा आमच्या वर्गातल्या मुलांना कोरे कागद दिले आणि म्हटलं, नाव लिहू नका, वर्गाबद्दल काय वाटतं ते लिहा, मराठीत, इंग्रजीत, कसंही. बहुतेकांनी लिहिलं, खेळ जास्त हवेत. एका कागदावर इंग्रजीत एकच वाक्य होतं. त्याचा अर्थ असा की मी मराठी बोलले की सगळे मोठे हसतात, म्हणून मी बोलत नाही.

आम्ही हसत होतो ते कौतुकाने. "किती गोड बोलते!" म्हणून. 'ते पाणी'च्या जागी 'तो पाणी' झालं की हसायचं, आणि मग ते पुढच्या जेवणावळीत सांगायचं. त्या मुलीला त्यातलं कौतुक दिसलं नव्हतं. तिने तोंड मिटलं होतं, आणि आम्ही मात्र मुलं मराठी का बोलत नाहीत म्हणून अभ्यासक्रम बदलत बसलो होतो. पुढच्या आठवड्यापासून वर्गात एकच नियम केला, मोठ्यांनी हसायचं नाही. पाळायला आम्हालाच जड गेला.

मुक्ताचं दुःख आणि या कागदावरचं दुःख यांची तुलना होऊच शकत नाही. एकीकडे माणूस म्हणून जगण्याचा प्रश्न होता, दुसरीकडे सुखवस्तू घरातला संकोच. पण दोन्हीकडे एक गोष्ट तीच आहे. मूल गप्प असतं तेव्हा त्याला सांगायला काही नसतं असं नाही. बोललं तर काय होईल, याचा हिशेब त्याने केलेला असतो.

तेव्हा या आठवड्यात दोन गोष्टी करा. मुलांना मुक्ता साळवेची गोष्ट सांगा. जातीबद्दलचे अवघड प्रश्न ती विचारतील, ते टाळू नका. तुमच्याही शाळेच्या पुस्तकात हे नाव आलं नसेल, तर तेही सांगून टाका. आणि मग विचारा, तुला आमच्याकडून कसं शिकायला आवडेल? विचारल्यावर मधे बोलू नका. उत्तर आवडलं नाही तरी त्यातली एक गोष्ट बदलून दाखवा. नाहीतर पुढच्या वेळी तीही बटणं दाबून मोकळी होतील.

आज इथेच थांबते. पुढच्या भागात पुन्हा भेटू. नमस्कार.