साथीच्या काळातील महाविद्यालय : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात

साथीचा रोग आणि विद्यासंस्था यांचा संबंध महाराष्ट्रास नवा नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उद्भवला आणि त्यातूनच १८९७ चा साथरोग अधिनियम जन्मास आला. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यास स्थापिलेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये गावाबाहेर हिंगणे येथे हलविण्यात आला, त्याचेही एक प्रमुख कारण प्लेग हेच होते. संस्थेने जागा सोडली. परंतु शिकणारे व शिकविणारे एकत्रच राहिले.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने त्याच अधिनियमाचा आधार घेऊन महाविद्यालये बंद केली, तेव्हा नेमके याच्या उलट घडले. वास्तू जागच्या जागी राहिल्या आणि माणसे पांगली.

या पांगण्याचा अर्थ बुलढाणा जिल्ह्यात काय होता, हे समजण्यासाठी तेथील महाविद्यालयाचे स्वरूप ध्यानी घ्यावयास हवे. प्लेगच्या काळी या जिल्ह्यात महाविद्यालयच नव्हते; अमरावतीस किंग एडवर्ड महाविद्यालय निघाले तेदेखील १९२३ मध्ये. स्वातंत्र्योत्तर काळात उच्च शिक्षण तालुक्याच्या गावापर्यंत आले आणि १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. तथापि विद्यार्थी बहुधा खेड्यातच राहिला. मलकापूर, नांदुरा, शेगाव या घाटाखालच्या गावांना लोहमार्ग आहे. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा या घाटावरील गावांना तो नाही. सकाळी एस. टी. ने यावे आणि दुपारच्या गाडीने परतावे, हा तेथील विद्यार्थिजीवनाचा क्रम होय. सवलतीचा पास हे जणू प्रवेशपत्राचेच दुसरे पान.

टाळेबंदीत ही गाडी थांबली. शासकीय आदेशांतील ‘बंद’ या शब्दाचा अर्थ मात्र मर्यादित होता : विद्यार्थ्याने येऊ नये, इतकाच. प्रवेश, शुल्क, गुणपत्रके ही कामे चालूच होती. अध्यापन भ्रमणध्वनीवर गेले. विद्यापीठ अनुदान आयोगाने ६ जुलै २०२० रोजी अंतिम वर्षाच्या परीक्षा सप्टेंबरअखेर घेण्याचे निर्देश दिले. परीक्षेवाचून पदवी देता येणार नाही, मात्र राज्यांना मुदतवाढ मागता येईल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट रोजी दिला. त्यानुसार ऑक्टोबरात राज्यात परीक्षा सुरू झाल्या. ज्या कार्याची कागदोपत्री नोंद होते ते टिकले. ग्रंथालयातील बैठक, प्रयोगशाळेतील हाताळणी, तासानंतरची शंका या नोंद न होणाऱ्या गोष्टी लोपल्या. ज्या खेड्यात मोबाईलला रेंज नव्हती, तेथे तर अंतर नव्या रूपाने परत आले.

पुढील क्रम अधिक बोधप्रद आहे. १५ फेब्रुवारी २०२१ पासून निम्म्या उपस्थितीने वर्ग भरविण्यास राज्यात अनुमती मिळाली. परंतु अमरावती विभागात रुग्णसंख्या वाढल्याने आठवड्याभरातच बुलढाण्यासह सर्व जिल्ह्यांत निर्बंध आले. २० ऑक्टोबर २०२१ पासून दोन्ही लसमात्रा घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालये उघडली. नेमका त्याच महिन्याच्या अखेरीस एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, नोव्हेंबरात तो राज्यभर पसरला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चालला. जानेवारी २०२२ मध्ये वर्ग पुन्हा बंद होऊन १ फेब्रुवारीपासून सुरू झाले, तेव्हाही गाड्या पूर्ववत् नव्हत्या. म्हणजे आदेशाने दार उघडले होते, रस्ता उघडला नव्हता. खाजगी वाहनाचे भाडे ज्यास परवडले तो आला. ज्यास परवडले नाही, त्याच्या दृष्टीने साथीचा काळ आणखी काही महिने लांबला.

यावरून एक निष्कर्ष निघतो. साथीतील महाविद्यालयाचा इतिहास केवळ परिपत्रके आणि निकालपत्रके यांवरून लिहिल्यास, संस्था अखंड चालू होती असेच दिसेल. कारण ही साधने संस्थेची आहेत, विद्यार्थ्याची नव्हेत. विद्यार्थ्याचा इतिहास हजेरीपटात, ग्रंथालयाच्या देवघेव-नोंदीत, वसतिगृहाच्या वहीत आणि पासांच्या नोंदींत आहे. हे कागद सामान्यतः रद्दीत जातात. २०२० ते २०२२ या वर्षांचे असे दप्तर प्रत्येक महाविद्यालयाने आताच वेगळे काढून ठेवणे अगत्याचे आहे. अन्यथा जे विद्यार्थी त्या काळात पोहोचू शकले नाहीत, ते इतिहासातही पोहोचणार नाहीत.