करडा बाजार आणि १९८८चा कायदा

वस्तू विकत घेतली की ती आपली झाली, या समजुतीला अमेरिकेतील मोटार-आयातीचा इतिहास छेद देतो. १९८० नंतर डॉलर वधारला आणि मर्सिडीज जर्मनीतून आणणे पुष्कळ स्वस्त पडू लागले. त्यातच ५०० एसईएल हे मॉडेल प्रारंभी अमेरिकेत अधिकृतपणे मिळतच नसे. ग्राहक परस्पर गाडी आणीत. मग दारांत पोलादी दांड्या, वेगळे दिवे, बंपर आणि धुरासाठी उत्प्रेरक बसवून ती नियमांत बसवावी लागे. या व्यवहाराला 'करडा बाजार' म्हणत. काही कार्यशाळांनी हे काम केवळ कागदावर केले, हेही खरे.

उत्पादक व विक्रेत्यांच्या दबावानंतर १९८८चा कायदा आला. २५ वर्षांखालील अशी गाडी नोंदणीकृत आयातदारामार्फत, अनुरूपता सिद्ध करूनच आणता येऊ लागली. घोषित हेतू सुरक्षेचा. पण सुरक्षित झाली ती विक्रेत्यांची मक्तेदारीही. पंचविशी ओलांडलेल्या गाडीला मात्र सुरक्षेच्या या अटी लागू नाहीत. जुनी गाडी मोकळी आणि नवी अडलेली, हा विरोधाभास आम्हांला बोलका वाटतो. साहित्यकृतीप्रमाणे कायद्याच्या संहितेतही वाच्यार्थ आणि व्यंग्यार्थ वेगळे वाचावे लागतात.