माय लायची बातमी आणि तिच्यामागील माणसे

वृत्तपत्राच्या कचेरीत ज्याची खुर्ची नाही, महिन्याच्या अखेरीस ज्याच्या नावे पगाराचे पाकीट निघत नाही आणि ज्याचा मजकूर छापायचा की साभार परत पाठवायचा हे दर वेळी नव्याने ठरते, अशा लेखकाला आपण मुक्त पत्रकार म्हणतो. या ‘मुक्त’ शब्दात स्वातंत्र्य जितके आहे, तितकेच निराधारपणही आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील एका मोठ्या बातमीचा इतिहास पाहिला म्हणजे या दोन्ही बाजूंचा प्रत्यय येतो. ती बातमी म्हणजे व्हिएतनाममधील माय लाय येथील हत्याकांडाची. आणि ती जगापुढे आणणारा बत्तीस वर्षांचा मुक्त पत्रकार म्हणजे अमेरिकेचा सीमोर हर्श.

प्रथम घटना पाहू. १६ मार्च १९६८ रोजी सकाळी अमेरिकन सैन्याची ‘चार्ली कंपनी’ दक्षिण व्हिएतनामच्या क्वांग नाय प्रांतातील सोन मी या गावच्या माय लाय नावाच्या वाडीत शिरली. तेथे शत्रूची कडवी पलटण दबा धरून बसली आहे, असे सैनिकांना सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात त्यांच्यावर एकही गोळी झाडली गेली नाही. वाडीत होते ते म्हातारे, स्त्रिया आणि लेकरे. काही तासांत त्यांतील बहुतेक माणसे झोपड्यांत, पायवाटांवर आणि एका पाटाच्या चरात गोळ्या घालून मारण्यात आली. शेजारच्या दुसऱ्या वाडीतही त्याच दिवशी असाच संहार झाला. अमेरिकन सैन्याच्या चौकशीत मृतांचा आकडा ३४७ निघाला. व्हिएतनामी सरकारने संपूर्ण गावासाठी तो ५०४ असा नोंदविला आहे. मात्र त्या वेळी प्रसिद्धीस दिलेल्या लष्करी वृत्तात शत्रूचे १२८ सैनिक ठार झाल्याचे म्हटले होते. हाती लागलेल्या बंदुका होत्या अवघ्या तीन. १२८ सैनिक आणि तीन बंदुका, हा हिशेब कसा जुळतो, असा प्रश्न कोणी विचारला नाही.

हे असत्य वीस महिने टिकले. या काळात सत्य कोणालाच ठाऊक नव्हते, असे मात्र नाही. ह्यू थॉम्प्सन या चोवीस वर्षांच्या वैमानिकाने त्या सकाळी आपले हेलिकॉप्टर सैनिक आणि पळणारे गावकरी यांच्यामध्ये उतरविले. आपलेच सैनिक या लोकांवर गोळ्या झाडू लागले तर त्यांच्यावर उलट गोळीबार करा, असे आपल्या दोन सहकाऱ्यांना बजावून त्याने सुमारे दहा गावकऱ्यांचे प्राण वाचविले. तळावर परतताच त्याने वरिष्ठांकडे तक्रार केली. तिची चौकशीही झाली; पण सुमारे वीस नागरिक चुकून मारले गेले, असा निष्कर्ष काढून तो कागद फायलीत ठेवण्यात आला.

दुसरा माणूस रॉन रायडनहावर. तो माय लायला नव्हता. मात्र निरनिराळ्या मित्रांकडून एकच भयंकर हकीकत त्याच्या कानी आली आणि ती त्याला स्वस्थ बसू देईना. सैन्यातून घरी परतल्यावर मार्च १९६९ च्या अखेरीस त्याने सविस्तर पत्र लिहिले आणि त्याच्या प्रती काँग्रेसचे सदस्य व उच्चपदस्थ अशा सुमारे तीस जणांना पाठविल्या. बहुतेकांनी दुर्लक्ष केले. एकदोघांनी पाठपुरावा केला. त्यातून लष्कराची खरी चौकशी सुरू झाली आणि सप्टेंबर १९६९ मध्ये विल्यम कॅली या लेफ्टनंटवर आरोपपत्र ठेवले गेले. त्याविषयीचे सरकारी निवेदन दोनचार ओळींचे होते. मृतांचा आकडा त्यात नव्हता. वृत्तपत्रांनीही ते आतल्या पानावर टाकले.

येथे हर्शचा प्रवेश होतो. शिकागोतील स्थलांतरित ज्यू कुटुंबात तो १९३७ साली जन्मला. वडिलांचे कपडे धुऊन देण्याचे दुकान होते. पोलीस चौकीच्या बातम्यांपासून सुरुवात करून तो असोसिएटेड प्रेसचा पेंटागॉनमधील वार्ताहर झाला. रासायनिक व जैविक अस्त्रांवरील त्याच्या लेखमालेला संस्थेने कात्री लावल्यावर त्याने नोकरी सोडली. १९६८ मध्ये त्याच विषयावरचे त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे काही महिने एका अध्यक्षीय उमेदवाराच्या प्रसिद्धीचे काम करून तो वॉशिंग्टनमध्ये लहानशा भाड्याच्या खोलीत मुक्त लेखन करू लागला. २२ ऑक्टोबर १९६९ रोजी जेफ्री कोवन या तरुण वकिलाने त्याला दूरध्वनीवरून सांगितले की, व्हिएतनाममध्ये नागरिकांना मारल्याबद्दल लष्कर एका सैनिकावर गुप्तपणे खटला भरीत आहे. नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. अशी कुजबुज तोपर्यंत आणखीही काही पत्रकारांच्या कानी पोहोचली होती. पण तिचा माग काढण्यास हर्श निघाला.

पेंटागॉनच्या व्हरांड्यात त्याला एक ओळखीचा कर्नल भेटला. कर्नलने स्वतःच्या गुडघ्यावर हात आपटला आणि त्या कॅलीने मारलेल्यांत याहून उंच कोणी नव्हते, अशा अर्थाचे उद्गार संतापाने काढले. हर्शला नाव मिळाले. जुन्या अंकांत शोधता सप्टेंबरातील ती दोनचार ओळींची बातमी सापडली. मग कॅलीचा वकील जॉर्ज लॅटिमर याला भेटण्यासाठी तो सॉल्ट लेक सिटीला गेला. प्रवासखर्चासाठी शोधपत्रकारितेला मदत करणाऱ्या एका निधीने त्याला प्रथम अवघे २५० डॉलर दिले होते. लॅटिमरच्या मेजावर आरोपपत्र पडले होते. समोर बसून वकिलाशी बोलत असतानाच हर्शने ते उलट्या बाजूने वाचून वहीत उतरवून घेतले. १०९ ‘पौर्वात्य माणसांच्या’ हत्येचा आरोप, असे त्यात लिहिले होते. तेथून जॉर्जियातील फोर्ट बेनिंगचा तळ. तेथे दिवसभर दारोदार हिंडून अखेर रात्री त्याने कॅलीला गाठले. राक्षस पाहावयास मिळेल अशी त्याची अपेक्षा होती. समोर आला तो ठेंगणा, घाबरलेला, पोटाच्या व्रणाने आजारी असलेला तरुण. मी हुकूम पाळले, एवढेच तो परोपरीने सांगत राहिला.

आता मुक्त पत्रकारितेची दुसरी बाजू पुढे आली. ‘लाइफ’ व ‘लुक’ या लाखालाखांनी खपणाऱ्या दोन्ही नियतकालिकांनी ही बातमी नाकारली. तेव्हा हर्शचा शेजारी, तेवीस वर्षांचा डेव्हिड ऑब्स्ट पुढे आला. तो ‘डिस्पॅच न्यूज सर्व्हिस’ नावाची नवखी वृत्तसंस्था चालवीत होता. त्याने देशभरच्या संपादकांना एकामागून एक दूरध्वनी केले आणि शंभर डॉलरला एक याप्रमाणे तीसहून अधिक वृत्तपत्रांनी ती बातमी विकत घेतली. १३ नोव्हेंबर १९६९ रोजी ती छापून आली. त्याच महिन्यात क्लीव्हलंडच्या ‘प्लेन डीलर’ने लष्करी छायाचित्रकार रॉन हेबर्ले याने आपल्या खाजगी कॅमेऱ्याने घेतलेली प्रेतांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. डिसेंबरच्या आरंभी ‘लाइफ’ने तीच छायाचित्रे मोठ्या दिमाखात रंगीत छापली. जे शब्दांत नको होते, ते चित्रांत चालले.

हर्श पहिल्या बातमीवर थांबला नाही. चार्ली कंपनीतील घरी परतलेले सैनिक त्याने गावोगाव जाऊन शोधले. पॉल मीडलो या सैनिकाचा पत्ता लागावा म्हणून त्याने इंडियाना राज्यातील दूरध्वनी केंद्रे पालथी घातली. मीडलो हा शेतावर राबणारा तरुण. हत्याकांडाच्या दुसऱ्याच दिवशी सुरुंगावर पाय पडून त्याचे पाऊल तुटले होते. आपण स्त्रिया व मुले मारली, हे त्याने नाव न लपविता सांगितले. त्याच्या आईने हर्शला जे सांगितले, ते त्या साऱ्या युद्धावरील भाष्य ठरले: मी त्यांना चांगला मुलगा दिला होता, त्यांनी त्याचा खुनी करून टाकला. पुढे मे १९७० मध्ये ‘हार्पर्स’ मासिकाने हर्शचा प्रदीर्घ वृत्तांत छापला, त्याचे पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

न्यायाच्या तराजूत मात्र फारसे काही पडले नाही. सव्वीस सैनिकांवर आरोप ठेवले गेले, दोषी ठरला एकटा कॅली. मार्च १९७१ मध्ये २२ हत्यांबद्दल त्याला जन्मठेप झाली. पण राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या आदेशाने तो तुरुंगाऐवजी स्वतःच्या निवासात राहिला आणि १९७४ मध्ये मुक्त झाला. त्याच्या बाजूने हजारो तारा व्हाइट हाउसवर येऊन पडल्या होत्या. जे उघडकीस आले ते लोकांनी मनापासून स्वीकारले, असे म्हणता येत नाही. थॉम्प्सनला तर कित्येक वर्षे द्रोही म्हणून हिणविण्यात आले. त्याच्या धैर्याबद्दल सैन्याने पदक दिले ते १९९८ मध्ये. कॅलीने जाहीर क्षमा मागितली २००९ मध्ये. २०२४ मध्ये तो वारला.

या इतिहासाकडे पाहताना हर्श एकटाच वीर होता असे मानण्याचा मोह होतो. तो टाळावयास हवा. वैमानिकाने तक्रार केली, सैनिकाने पत्र लिहिले, वकिलाने दूरध्वनी केला, कर्नलने गुडघ्यावर हात आपटला, शेजाऱ्याने बातमी विकली, मीडलोने तोंड उघडले. यांतील एकही दुवा निखळला असता तर १२८ शत्रू ठार झाल्याचे वृत्त कदाचित आजही ‘इतिहास’ म्हणून उभे असते. कॅलीला हुकूम पाळणे पुरेसे वाटले; या सर्वांना ते वाटले नाही. हर्शचे वेगळेपण एवढेच की, हाती आलेला धागा त्याने मध्येच सोडला नाही आणि त्याला ‘सोड’ म्हणणारा कोणी मालक नव्हता.

त्याच्या कामाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पुढील काळात, विशेषतः अलीकडच्या वर्षांत, नाव न सांगणाऱ्या एखाद्याच सूत्रावर विसंबून लिहिल्याबद्दल त्याच्यावर टीका झाली आहे. माय लायची बातमी टिकली ती नेमकी याच्या उलट कारणाने: तिच्या पाठीशी आरोपपत्र होते आणि स्वतःच्या नावानिशी बोलणारे साक्षीदार होते. दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. ते सारे लेखन अमेरिकेत, अमेरिकन सैनिकांशी बोलून झाले. मारणाऱ्यांची नावे, गावे, आयाबहिणी वाचकांना कळल्या; मेलेली माणसे आकड्यांतच राहिली.

हर्श प्रथमच सोन मीला गेला तेव्हा त्या सकाळीला सेहेचाळीस वर्षे उलटून गेली होती. मार्च १९१५ नव्हे, मार्च २०१५ च्या ‘न्यू यॉर्कर’मध्ये, आयुष्याच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्याने त्या भेटीचा वृत्तांत लिहिला. तेथील संग्रहालयाचे संचालक फाम थान काँग त्याला भेटले. हत्याकांडाच्या दिवशी ते अकरा वर्षांचे होते. आई आणि चार भावंडे त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. त्या संग्रहालयात संगमरवरी फलकावर ५०४ माणसांची नावे वयासह कोरलेली आहेत. लॅटिमरच्या मेजावरील कागदात जी १०९ निनावी ‘पौर्वात्य माणसे’ होती, त्यांना नाव आणि वय आहे ते या फलकावर.